दार उघडल्यानंतरचं काम : फ्रीमेसन लॉजमधला नवा सभासद आणि आपण

(गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



माझं लहानपण या टेकडीच्या पायथ्याशी गेलं. तुमच्यापैकी प्रत्येकाने केलं असेल तेच आम्हीही केलं. बाबा फरीदांच्या दर्ग्याकडे चढताना वाटेतले गोल गोल दगड उचलायचे, खिशात भरायचे आणि घरी आईची बोलणी खायची. पुढे मी स्थापत्य अभियंता झालो, तेव्हा कळलं की या भागातल्या काळ्या खडकात लाव्हा थंड होताना पोकळ्या राहतात, त्या पोकळ्यांमध्ये झिओलाइट नावाची खनिजं जमतात, आणि खडक झिजला की त्यांचे गोळे सुटे होऊन बाहेर पडतात. पण लहानपणी आम्हाला जे सांगितलं होतं ते जास्त गोड होतं. दोन बंजारे व्यापारी माल घेऊन चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी त्यांचा सगळा माल दगड करून टाकला. नारळाचेही दगड झाले. तेच हे दगड.

ही गोष्ट इथपर्यंत सगळ्यांना पाठ असते. तिचा पुढचा भाग मात्र फार लोक सांगत नाहीत. ते व्यापारी घाबरले, त्यांनी माफी मागितली. बाबांनी सुकलेल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. माल मिळाल्यावर त्यांनी निघून जायला हरकत नव्हती. पण ते गेले नाहीत. ते बाबांच्या सेवेत कायमचे राहिले. जुन्या इंग्रजी गॅझेटियरमध्येसुद्धा ही गोष्ट शेवटापर्यंत नोंदलेली आहे.

मी आख्यायिकेचा खरेखोटेपणा बघत नाही. मला त्यातला एकच प्रश्न हवा आहे. थट्टा करत आलेला परका माणूस कशामुळे टिकतो? चमत्कार बघून माणूस थांबतो, हे मान्य. पण थांबणं वेगळं आणि राहणं वेगळं. आज मी ज्या संस्थेबद्दल बोलणार आहे, तिने या प्रश्नावर तीनशे वर्षं विचार केलेला आहे. काही ठिकाणी तिला उत्तर सापडलं, काही ठिकाणी ती सपशेल चुकली. दोन्ही सांगतो.

‘जादूघर’ म्हणजे काय

फ्रीमेसन हा शब्द काहींनी सिनेमात, काहींनी मोबाईलवर ऐकला असेल, आणि बहुधा भीतीदायक काहीतरीच ऐकलं असेल. यात नवीन काही नाही. इंग्रजांच्या काळात आपल्या देशात मेसन लोकांच्या इमारतीला सामान्य माणसं ‘जादूघर’ म्हणायची. दारं बंद, खिडक्या बंद, साहेब लोक आत जातात, रात्री उशिरा हसत बाहेर येतात. मग आत भुतं नाचवतात असं लोकांना वाटलं तर त्यांचं काय चुकलं?

मेसन म्हणजे गवंडी. युरोपात मोठमोठी दगडी चर्च आणि किल्ले बांधणारे पाथरवट आणि गवंडी यांचे संघ असत. बांधकामाच्या जागेवर त्यांची एक खोपी असे, तिला लॉज म्हणत. तिथे हत्यारं ठेवायची, जेवायचं, आराम करायचा आणि नव्या पोराला काम शिकवायचं. पुढे मोठी बांधकामं कमी झाली आणि या संघांमध्ये दगडाला कधी हात न लावलेली माणसं यायला लागली. १७१७ साली लंडनमधल्या चार लॉज एकत्र आल्या आणि त्यांची एक मुख्य संस्था तयार झाली. तेव्हापासून हत्यारं तीच राहिली, पण काम बदललं. दगडाऐवजी स्वतःला घडवायचं, ही कल्पना आली.

आपल्या गवंड्याकडे असतात तीच ही हत्यारं. ओळंबा, म्हणजे सरळ वागा. पाणसळ, म्हणजे सगळे एका पातळीवर. गुण्या, म्हणजे व्यवहार काटकोनात ठेवा. हातोडा आणि छिन्नी, म्हणजे स्वतःचे खडबडीत कोपरे काढा. चोवीस इंची मोजपट्टी असते, ती दिवसाचे चोवीस तास कसे वाटायचे ते सांगते. लॉजमध्ये दोन दगड ठेवलेले असतात, एक ओबडधोबड आणि एक घडीव. नवा सभासद म्हणजे पहिला दगड.

हा धर्म नाही. आत येणाऱ्याने एका परमशक्तीवर विश्वास ठेवायचा, ती कुठल्या नावाने हे त्याने ठरवायचं. आत धर्मावर आणि राजकारणावर वाद घालायला बंदी. भारतातल्या लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथ साहिब आणि अवेस्ता हे ग्रंथ असतात, आणि ज्याची ज्यावर श्रद्धा त्यावर हात ठेवून तो शपथ घेतो. १९६१ साली ग्रँड लॉज ऑफ इंडिया ही भारताची स्वतःची संस्था स्थापन झाली. त्याआधी सगळं इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या अधिकाराखाली चालायचं, आणि त्या तिन्ही परंपरांच्या काही लॉज आजही इथे आहेत.

दार कोणासाठी?

आता या ‘सगळे एका पातळीवर’ म्हणणाऱ्या लोकांची एक गोष्ट ऐका. आपल्याच मुंबईतली आहे.

माणकजी करसेटजी नावाचे एक पारशी गृहस्थ होते. सुशिक्षित, प्रतिष्ठित. पुढे मुंबईत मुलींसाठी इंग्रजी शाळा काढणारे ते हेच. त्यांना मेसन व्हायचं होतं. मुंबईतल्या लॉज तेव्हा युरोपियनांच्या होत्या. प्रवेशासाठी गुप्त मतदान असतं, पांढरी गोटी म्हणजे होकार, काळी गोटी म्हणजे नकार. माणकजींना नकार मिळाला. संस्थेच्या कुठल्याही नियमात हिंदी माणूस नको असं लिहिलेलं नव्हतं. नियम सगळ्यांना भाऊ म्हणत होता, आणि गोटी टाकणारा हात नाही म्हणत होता.

माणकजी थांबले नाहीत. ते युरोपात गेले आणि पॅरिसमधल्या एका लॉजमध्ये त्यांनी दीक्षा घेतली. परत आले तेव्हा ते रीतसर मेसन होते. जेम्स बर्न्स नावाचे एक स्कॉटिश डॉक्टर तेव्हा पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश लॉजचे प्रमुख होते. त्यांच्या पुढाकाराने १८४३ साली मुंबईत ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज सुरू झाली. हिंदी माणसांना आत घेण्यासाठी काढलेली ही लॉज. पारशी आले, मुसलमान आले. हिंदूंना मात्र आणखी बरीच वर्षं वाट पाहावी लागली. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेशासाठी जवळजवळ नऊ वर्षं झगडावं लागलं आणि १८७२ साली ते आत आले. इतक्या देवांना मानणारा माणूस एका परमशक्तीची शपथ कशी घेणार, असा आक्षेप होता. पुढे १८८४ साली कलकत्त्याच्या एका लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणाने दीक्षा घेतली. तेच आपले स्वामी विवेकानंद.

हे सांगायचं कारण असं की आपण ‘प्रवेश’ या गोष्टीला फार मोठं समजतो. आणि ज्याला बाहेर ठेवलंय त्याच्यासाठी ती मोठीच असते. वर्ध्याला जमनालाल बजाजांनी १९२८ साली लक्ष्मीनारायणाचं मंदिर तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुलं केलं. आपल्याच जिल्ह्यातली ही गोष्ट, देशभर गाजली, आणि गाजायलाच हवी होती. पण दार उघडलं म्हणजे आतला माणूस सरकून जागा देतो असं होत नाही. ते दुसरं काम असतं. त्याचा समारंभ होत नाही, त्याची बातमी येत नाही, आणि ते एकाच दिवशी संपत नाही. मला आज त्या दुसऱ्या कामाबद्दल बोलायचं आहे.

नव्या माणसासाठी लॉज काय करते

लॉजने या दुसऱ्या कामासाठी एक पद्धत बसवलेली आहे. हे सगळं पुस्तकांमधून छापलेलं आहे, मी कुठलंही गुपित फोडत नाही.

पहिलं म्हणजे जामीन. कोणालाही आत घेताना एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. कागदावर सही करून त्यांचं काम संपत नाही. हा माणूस माझ्या ओळखीचा आहे, आणि तो इथे रुळेपर्यंत जबाबदारी माझी, असा त्या सहीचा अर्थ. आपल्याकडे लग्नात मध्यस्थ असतो ना, तसं. लग्न लावून दिलं आणि पुढे भांडण झाल्यावर फोनच उचलला नाही, अशा मध्यस्थाला गाव काय म्हणतं ते तुम्हाला माहीत आहे.

दुसरं म्हणजे हात. दीक्षेच्या वेळी नव्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असते. त्याला काही दिसत नाही, पुढे काय होणार ते माहीत नसतं. पण तो एकटा नसतो. डीकन नावाचा एक पदाधिकारी पूर्ण वेळ त्याचा हात धरून असतो. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, उत्तर काय द्यायचं, सगळं तो हळू आवाजात सांगतो. मी स्वतः त्यातून गेलोय. समोर कोण काय बोललं यातलं मला आज फारसं आठवत नाही. पण तो हात आठवतो.

तिसरं म्हणजे रिकामा खिसा. आत येण्याआधी अंगावरचे पैसे, अंगठी, धातूच्या वस्तू काढून ठेवायला लावतात. आणि मग समारंभात त्याला विचारतात, गरिबांसाठी काही दे. तो खिसा चाचपतो. काही नसतं. तेव्हा त्याला सांगतात, आत्ता तुला जे वाटलं ते लक्षात ठेव, आणि असा रिकाम्या खिशाचा माणूस पुढे कधी भेटला तर त्याला ओळख. मी नोकरीत गॅझेटेड अधिकारी होतो. भर सभेत देण्यासारखं आपल्याकडे काही नाही, हा अनुभव मला चाळिशीत पहिल्यांदा आला.

चौथं म्हणजे पायऱ्या. तीन पदव्या असतात. शिकाऊ, मग कारागीर, मग पूर्ण मेसन. एका दिवसात तिन्ही देत नाहीत. मध्ये वेळ जाऊ देतात. वरच्या पायरीवर जाण्याआधी नव्या माणसाला काही प्रश्नोत्तरं पाठ म्हणून दाखवावी लागतात, आणि ती शिकवायला एक जुना सभासद त्याच्याबरोबर बसतो. अलीकडे अनेक लॉजमध्ये या जुन्या सभासदाला रीतसर मेंटर म्हणतात. आपण त्याला वाटाड्या म्हणू.

पाचवं म्हणजे पंगत. सभा संपली की सगळे एकत्र जेवतात. गंभीर कपडे आणि गंभीर चेहरे बाजूला पडतात. नव्या माणसाच्या नावाने शुभेच्छा दिल्या जातात, तो दोन शब्द बोलतो. खरी ओळख इथे होते.

पंगतीचं मोल कळायला एक जुनं उदाहरण देतो. इंग्रज लेखक रुडयार्ड किपलिंग मुंबईत जन्मला आणि विशीत लाहोरला वार्ताहर असताना तिथल्या लॉजमध्ये मेसन झाला. त्या लॉजवर त्याची एक प्रसिद्ध कविता आहे. त्यात इंग्रज शिपायापासून हिंदू, मुसलमान, शीख, ज्यू असे सगळे एका छताखाली बसतात. पण त्यातच तो हेही सांगून जातो की जेवणावळ घालता येत नसे, कारण कोणाची तरी जात बाटली असती. म्हणजे शपथ एकत्र, गप्पा एकत्र आणि ताट वेगळं! भाऊ म्हणणं सोपं होतं. शेजारी बसून घास घेणं अवघड होतं. हे वाचताना आपण इंग्रजांना हसू शकत नाही, कारण ती जात आपली होती.

माझी स्वतःची गोष्ट

आता पद्धत एवढी चांगली असूनही माणसं का गळतात, हे सांगण्यासाठी मला स्वतःबद्दल बोलावं लागेल.

माझी दीक्षा झाली त्या रात्री तीसेक लोकांनी माझा हात हातात घेतला. ‘वेलकम, ब्रदर.’ मी हवेत होतो. पुढच्या महिन्यात सभेला गेलो. सगळे आपापल्या जुन्या मित्रांशी बोलत होते. कोणी वाईट वागलं नाही. फक्त कोणाला माझं नाव आठवत नव्हतं. जेवताना मी ताट घेऊन भिंतीशी उभा राहिलो. तिसऱ्या महिन्यात तसंच. ज्यांनी माझं नाव सुचवलं होतं त्यांची बदली झालेली. मी मनात ठरवून टाकलं, आता एक सभा, मग पुरे.

त्या सभेत एक वयस्क डॉक्टर माझ्याकडे आले. म्हणाले, “तुम्ही कुठले?” मी म्हणालो, गिरडचा. ते म्हणाले, “म्हणजे फरीदबाबांच्या टेकडीचे! ते गोल दगड अजून मिळतात का हो?” एवढंच. मग म्हणाले, “पुढच्या वेळेला माझ्या शेजारी बसा.” आणि सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, “उद्या येताय ना? जागा धरतो.”

मंडळी, पुढची दोन वर्षं दर सभेच्या आदल्या दिवशी तो फोन आला. त्यांनी मला कधी व्याख्यान दिलं नाही. समारंभ झाला की विचारायचे, “आज जे बघितलं त्यातलं काय कळलं नाही?” मी सांगायचो. ते म्हणायचे, “मलाही पहिल्यांदा कळलं नव्हतं.” मग आम्ही दोघं मिळून अर्थ लावायचो. मी टिकलो तो त्या फोनमुळे. तत्त्वज्ञानाची गोडी नंतर लागली.

आता दुसरी बाजू. काही वर्षांनी एक तरुण सभासद माझ्याकडे सोपवला गेला. मी वाटाड्या. मला वाटलं, मी शिकलोय तसं उत्तम शिकवीन. दर आठवड्याला त्याला बोलवायचो. प्रश्नोत्तरांची उजळणी, हत्यारांचे अर्थ, इतिहास, १७१७, सगळं. पोरगा हुशार. सगळं घडाघडा म्हणायचा. मला अभिमान वाटायचा, त्याचा कमी आणि माझा जास्त.

एक दिवस त्याने येणं बंद केलं. फोन केला तर ‘कामात आहे’ म्हणाला. वर्षभराने रस्त्यात भेटला तेव्हा सांगितलं. त्या सगळ्या काळात त्याची बायको आजारी होती. दवाखाना, नोकरी आणि लहान लेकरू. तो म्हणाला, “सर, तुम्ही मला पाठांतर विचारत होतात. घरचं एकदाही विचारलं नाहीत.”

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो साधेपणाने म्हणाला.

डॉक्टरांनी मला पहिला प्रश्न कोणता विचारला होता? “तुम्ही कुठले?” तो माझ्याबद्दल होता. मी त्या पोराला विचारलेला पहिला प्रश्न संस्थेबद्दल होता. फरक एवढाच. पण एक माणूस राहिला आणि एक गेला.

वाटाड्याची तीन कामं

त्यानंतर मी माझ्यापुरते तीन नियम केले. लॉजमध्ये वापरतो, घरीही वापरतो.

एक, नेमलेला माणूस एकच असावा. ‘आपण सगळे मिळून नव्यांकडे लक्ष देऊ’ म्हटलं की कोणीच देत नाही. बैल सगळ्या गावाचा असला की त्याला पाणी कोणी दाखवायचं? अमक्याची जबाबदारी तमक्यावर, असं नाव घेऊन ठरलं पाहिजे.

दोन, आधी माणूस, मग माहिती. त्याचं घर कुठे, घरी कोण, दिवस कसा जातो, हे माहीत नसेल तर त्याला संस्थेचा इतिहास सांगू नका. आणि तो एखाद्या दिवशी आला नाही तर त्याच संध्याकाळी विचारा. ‘का आला नाहीत’ असं विचारू नका, तो जाब होतो. ‘सगळं ठीक आहे ना’ असं विचारा.

तीन, लवकर काम द्या. छोटं, पण खरं. नुसत्या पाहुण्याला कंटाळा येतो. ज्याच्यावाचून काहीतरी अडतं तो माणूस येतो. आणि वाटाड्याने एक दिवस बाजूला व्हायला शिकलं पाहिजे. आयुष्यभर बोट धरून ठेवलं तर तो भाऊ राहत नाही, तुमचा माणूस होतो. संस्थांमध्ये गट पडतात ते असेच पडतात.

यातलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्याला लंडनमध्ये शोधायला नको. इथून सेवाग्राम किती दूर आहे? परचुरेशास्त्री नावाचे संस्कृतचे पंडित. त्यांना कुष्ठरोग झाला होता. १९३९ च्या सुमारास ते सेवाग्रामला आले. त्या काळी कुष्ठरोग्याला गावाबाहेर काढत. गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतलं आणि त्यांच्यासाठी आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून घेतली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. गांधीजी स्वतः जाऊन त्यांच्या अंगाला मालिश करत. देशाचं राजकारण डोक्यावर असलेला माणूस! राहायला परवानगी देणं हा एक निर्णय होता. मालिश हे रोजचं काम होतं.

बंधुत्व हा शब्द आपण भाषणात वापरतो तेव्हा तो फार मोठा होतो, आणि मोठा झाला की हातात येत नाही. तो छोटाच ठेवा. शेजारची खुर्ची धरणं, आदल्या दिवशी फोन करणं आणि घरचं विचारणं, एवढाच.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : हे सगळं इतकं चांगलं आहे तर मग लपवता कशाला?

उत्तर : बरोबर विचारलंत. जुन्या काळी गवंड्यांना कुठल्याही गावात जाऊन काम मागावं लागे. मी खरा कारागीर आहे हे सांगायला त्यांच्याकडे कागद नसायचा, म्हणून ओळखीच्या खुणा आणि शब्द होते. ते पुढे चालू राहिले. आज खरं तर तेवढंच खाजगी आहे, बाकी सगळं पुस्तकात सापडतं. पण गुप्ततेचा एक तोटाही झाला. बंद दाराआड ओळखीपाळखीने एकमेकांची कामं करतात, असा संशय लोकांना येतो. काही माणसं त्याच आशेने आत येतातही. तशी अपेक्षा ठेवून येऊ नये असं आधीच स्पष्ट सांगितलं जातं. तरी माणूस शेवटी माणूसच. म्हणून सूचकाची जबाबदारी मोठी.

प्रश्न (एक महिला) : तुम्ही भाऊ-भाऊ म्हणता. बहिणी कुठे आहेत?

उत्तर : माझ्या लॉजमध्ये नाहीत, ताई. आमची परंपरा पुरुषांचीच आहे. स्त्री-पुरुष दोघांना घेणारी वेगळी मेसन परंपरा आहे. ॲनी बेझंट त्यात होत्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी ती भारतात आणली. पण मुख्य प्रवाहातल्या लॉज तिला मान्यता देत नाहीत. याचं समर्थन करायला मी इथे आलेलो नाही. मघाशी मी माणकजींची गोष्ट सांगितली, तेव्हा नकार देणाऱ्यांनाही ते अगदी स्वाभाविक वाटत होतं. एवढंच म्हणतो. आणि खरं सांगायचं तर नव्या सभासदाला सांभाळण्याच्या बाबतीत तुमच्या बचत गटांकडून आम्हीच शिकावं. हप्ता चुकला की त्याच दिवशी घरी कोणीतरी येतं. कारण हप्त्याच्या मागे घर असतं हे तुम्हाला माहीत आहे.

प्रश्न : सर, आमच्या भजनी मंडळात पोट्टे येतात, दोन-चार दिवस रायतात, मंग दिसतच नाई. त्यायले काय करावं?

उत्तर : बाबाजी, तुमचं मंडळ किती जुनं? चाळीस वर्षं. बरं. शेवटचा जो पोरगा आला आणि गेला, त्याचं नाव काय? आठवत नाही ना? रागावू नका, मलाही तेव्हा आठवलं नसतं. आपल्या भागात तुकडोजी महाराजांनी गावोगाव सामुदायिक प्रार्थना सुरू केली. हातात खंजिरी, आणि सगळे एका रांगेत. त्यात ‘सामुदायिक’ हा शब्द आहे. आपण काय करतो? जुनी मंडळी पुढे बसतात, त्यांना सगळं पाठ. पोरगा मागे बसतो, त्याला शब्द येत नाहीत, टाळ मिळत नाही. दोन दिवस ओठ हलवतो आणि जातो. उद्यापासून एवढं करा. पोरगा आला की एका म्हाताऱ्याचं नाव घेऊन सांगा, हा तुमच्याकडे. त्याला आपल्या शेजारी बसवा, मागे नको. पहिल्याच दिवशी हातात टाळ द्या. ठेका चुकू द्या, काही बिघडत नाही. कंदील-माईक लावणं, सतरंजी घालणं, काहीतरी त्याच्या नावावर करा. आणि गुरुवारी आला नाही तर शुक्रवारी त्याच्या घरी जा. भजनाचं बोलू नका. पऱ्हाटी कशी आहे विचारा, आईची तब्येत विचारा, चहा घ्या आणि या.

श्रोता : आन् तरी नाई आला तं?

उत्तर : तर नाही आला. पण पुढच्या वेळी त्याचं नाव तुमच्या लक्षात राहील.